जुलैत सुरमई मागणाऱ्या पाहुण्यांस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या रविवारी मुंबईच्या एका वाचकाचं पत्र आलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते कुटुंबाला घेऊन मालवणात आले, खाडीलगतच्या एका खानावळीत जेवायला शिरले, तर तिथे सुरमई नाही, पापलेट नाही, कोळंबीसुद्धा नाही. पानात आलं काय? कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, टाकळ्याची भाजी आणि उकड्या तांदळाचा भात. ‘मालवणी जेवण’ अशी पाटी लावून पर्यटकांची फसवणूक चालली आहे, पर्यटन खात्यानं याकडे लक्ष द्यावं, असं त्यांचं म्हणणं. खानावळीचं नाव त्यांनी दिलं नाही. तरी आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरानंही ती ओळखली.

त्या खानावळीशी माझा संबंध काय तो आधीच सांगते, मागाहून कुणी बोट दाखवायला नको. शाखा डाकघरातून निवृत्त झाल्यापासून परसातली तिरफळं, आमसुलं, अळू आणि पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी मी तिथे पोचवते. फुकट नाही, पैसे घेऊन. म्हणजे पत्रलेखकांनी ज्याला ‘रस्त्याकडेचा पाला’ म्हटलं, तो बहुधा मीच खुडलेला होता. पाला रस्त्याकडेचा नव्हता, एवढंच त्यांना कळवावं. रस्त्याकडेचा टाकळा आम्हीही घेत नाही.

आधी तारखा घेऊ. पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा आदेश चालतो, त्यापलीकडे केंद्राचा. हा काळ बऱ्याच माशांच्या विणीचा, आणि समुद्रही अंगावर येतो. कायदा नव्हता तेव्हाही मृगाच्या आधी होड्या वर ओढून चुडतांच्या झापांनी झाकून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर पुन्हा पाण्यात लोटत. वल्ह्याच्या होड्यांना बंदी नाही. त्यामुळे खाडीत पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकणाऱ्याला एखाद्या दिवशी काळुंदर मिळतं, शेंगटी मिळते, कुर्ल्या मिळतात. मिळालं की ते खानावळीत शिजतं. पण ते आठ-दहा पानांपुरतं असतं. पत्रलेखक आले त्या आठवड्यात तर पावसानं डोकं वर काढू दिलं नव्हतं, पागवाला घरात बसून जाळी विणत होता.

मग त्याच आठवड्यात हमरस्त्यावरच्या हॉटेलात सुरमईची थाळी कुठून आली? पत्रात लिहिलंय की शेवटी ‘एका व्यवस्थित हॉटेलात’ त्यांची सोय झाली. सुरमई कुठली, हे त्यांनी तिथे विचारलं नाही, म्हणून मी सांगते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे आमचा किनारा बंद होऊन पंधरवडा झाला की तिकडचा उघडतो. मग तिकडची मासळी बर्फाच्या पेट्यांतून, ट्रकानं घाट उतरून आमच्याकडे येते. नाहीतर मे महिन्यात घेऊन शीतगृहात ठेवलेली असते. मी त्याला विष म्हणत नाही. बर्फ नीट असेल तर खाण्यासारखी असते. पण अरबी समुद्राच्या काठी बसून बंगालच्या उपसागरातली सुरमई खाल्ली तर सोय झाली, आणि समोरच्या परड्यातली भाजी खाल्ली तर फसवणूक झाली, हा हिशेब मला लागत नाही. माझी उभी नोकरी हिशेब लावण्यात गेली.

२०१८ चा जुलै आठवा. गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय आला, लोकांनी मासे खाणं सोडलं, सरकारला बाहेरची आवक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेव्हा सगळे विचारत होते, मासा कुठला, कधीचा, कुणी आणला. तो पाऊस संपला आणि प्रश्नही संपले.

आता या खानावळीचं सांगते. बंदीबाहेरच्या दिवसांत तिथल्या फळ्यावर सकाळी दहाच्या आत खडू लागत नाही, कारण खानावळ चालवणाऱ्या वयनीलाच काही माहीत नसतं. (तिला सगळे वयनीच म्हणतात, तिच्या सासऱ्याच्या वयाचेसुद्धा.) रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढणार असतील तर ती आधी किनाऱ्यावर जाते, तिथे काही नसलं तर बंदरावर लिलावाला. रापणीत काय लागलंय ते दोन्ही बाजूंनी दोर ओढणाऱ्या माणसांनाही जाळं वाळूला टेकेपर्यंत कळत नाही. एके दिवशी नुसते पेडवे, एके दिवशी बांगडा, कधी मुडदुशे, कधी सौंदाळे आणि त्यांत चुकून एखादी वागळी. पुढचं सगळं त्यावरून ठरतं. तारली-पेडवे असले की तिरफळाचं तिखलं, म्हणजे माशाचा तिखट रस्सा. मुडदुशे तळायचे, त्यांना रश्शात घालणं म्हणजे पाप. मोरी, म्हणजे लहान शार्क, असेल तर गरम मसाला घालून, मटण करतात तशी. इसवण आली आणि भावात बसली तर तीही, म्हणजे तुमची सुरमई. पण ती रोज बसत नाही. न बसलेल्या दिवशी वयनी ती फळ्यावर लिहीत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

लिलावात मी तिला पाहिलंय. शेजारच्या हॉटेलवाल्याला ‘पापलेट, सुरमई, कोळंबी’ असं छापील कार्ड भरायचं असतं, म्हणून तो त्या तिघांमागे भाव चढवत जातो. ही मात्र बाजूला राहिलेल्या टोपलीपाशी उभी. भाव कोसळलेला, मासा तासाभरापूर्वीचा. स्वस्तात चांगलं जेवण घालण्याची विद्या म्हणाल तर तीच. तिला कार्डच नाही, त्यामुळे तिला कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

तिरफळाबद्दल दोन शब्द, कारण पत्रलेखकांना आमटीत ‘लाकडाचे तुकडे’ लागले म्हणे. ते तिरफळ. झाड अंगभर काट्यांचं, त्यावर चढणं अशक्य, म्हणून बांबूला आकडी बांधून घोस ओढायचे. गणपतीच्या सुमाराला घोस हिरवे असतात आणि तेव्हाचा वास असा, की काढून आणले की हातच काय, पदरसुद्धा दुसऱ्या दिवशीपर्यंत वासाचा राहतो. उन्हात पडले की ते उकलतात आणि आतून काळी चकचकीत बी बाहेर येते. ती बी टाकायची, साल ठेवायची. बी राहिली तर दाताखाली वाळू आल्यासारखं होतं आणि जेवणारा माझ्या नावानं शिव्या घालतो, म्हणून मी दुपारभर सूप घेऊन बसते. रश्श्यात घालताना साल नुसती ठेचायची, वाटायची नाही. वाटली की कडू होते. आणि ती खायची नसते, पानाच्या कडेला काढून ठेवायची असते. हे पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं, हे मला मान्य. माशांत म्हणाल तर बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच तिरफळ शोभतं. पापलेटाच्या आमटीत तिरफळ टाकणारा आचारी दिसला तर तो मालवणचा नव्हे असं खुशाल समजावं.

आमसुलाचं गणित त्याहून नाजूक. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. फोडून बी आणि साल वेगळी करायची, मीठ घालून रस सोडवायचा, त्या रसात साल बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा बुडवायची, असे पुट चढवत जायचं. या सगळ्याला कडक ऊन हवं आणि नेमका याच वेळी वळवाचा पाऊस दारात येऊन उभा राहतो. ज्या वर्षी मेच्या मध्यालाच सरी लागतात त्या वर्षी निम्मे रातांबे झाडाखाली कुजतात. त्यात झाडांत नर-मादी असतात. बी लावून वाढवलेली बरीच रोपं नर निघतात आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं पाणी घालून झालेलं असतं. म्हणून आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कलमं लावतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते ठीक. पण मानांकनाचा कागद लावलेल्या दुकानाशेजारच्याच हॉटेलात रंग घातलेली सोलकढी मिळते, हेही मी पाहिलंय. वयनीची सोलकढी कधी फिकी गुलाबी, कधी जांभळट, कारण सोलं, म्हणजे आमसुलंच, कधी नवी, कधी गेल्या सालची. पत्रलेखकांना तिचा रंग ‘कमी’ वाटला. रंग तेवढाच असतो.

तीच गोष्ट ओल्या काजूगरांची. फेब्रुवारी ते एप्रिल, त्यापलीकडे नाही. कोवळी बी हिरवी असतानाच काढायची, आदोळीवर, म्हणजे विळीवर, मधोमध चिरायची आणि आतला गर सोडवायचा. सालीतला डीक कातडी जाळतो. राख लावा, तेल लावा, बोटांची सालं जायची ती जातातच. गावातल्या बायकांचे हात मार्चमध्ये बघावेत आणि मग काजूच्या उसळीचा भाव विचारावा. बागायतदारालाही ओली बी देणं म्हणजे पुढे वाळून वजन भरणारी बी आधीच तोडणं, म्हणून तो मोजून मापून देतो. दिवाळीच्या सुट्टीत येऊन ‘ओल्या काजूची उसळ’ मागणाऱ्यांना काही ठिकाणी सुके काजू भिजवून वाढतात. खाणारे वाहवा करून जातात. वयनीकडे दिवाळीत ती नसते. मार्चमध्ये असते, तीही बाराच्या आत संपते.

आता जुलैचं ते पान, ज्यावरून एवढं झालं.

आमच्याकडे मे महिन्याला घरात पाय ठेवायला जागा नसते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी चाललेली असते. खारवलेले बांगडे, गोलमो, सोडे, मसाला, पापड, फणसाच्या आठळ्या, सोलं, कुळीथ, लाकडं. पावसाचे चार महिने भाजीवाला येईल की नाही, पूल पाण्याखाली असेल की नाही, याचा भरवसा नसायचा. त्यातून जे जेवण तयार झालं ते हे. लोकांना वाटतं ताजं म्हणजे आज सकाळी पाण्यातून काढलेलं आणि सुकं म्हणजे शिळं. ज्यानं एप्रिलच्या उन्हात नीट खारवलेला, पलटून पलटून सुकवलेला बांगडा जुलैच्या पावसात निखाऱ्यावर भाजून, वर खोबरेल सोडून, पेजेबरोबर खाल्लाय, त्याला हे समजावत बसावं लागत नाही. तो बांगडा जुलैचाच पदार्थ आहे. डिसेंबरात तुम्ही मागितलात तर वयनी तेव्हा म्हणेल, ताजा असताना सुका कशाला?

कुळीथ आमच्याच मळ्यांतला, भात कापून झाल्यावर थंडीत पेरलेला. तो भाजून, भरडून, दळून त्याचं पीठ होतं. पिठी करायला सोपी म्हणतात, पण गुठळी होऊ न देता, लसणीची फोडणी जळू न देता, कोकम शेवटी घालून ती पातळ आणि तरी अंगाची राखणं जमावं लागतं. आणि टाकळा. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवस तो कोवळा असतो. मग पानं जून होतात, उग्र वास येतो आणि तो विषय त्या वर्षापुरता मिटतो. कोवळी पानं तेवढी खुडायची, देठ टाकायचे, बारीक चिरून कांद्यावर परतायची, मेमध्ये राखेत नाहीतर मातीत ठेवलेल्या आठळ्या ठेचून त्यात टाकायच्या, वरून ओलं खोबरं. एक मोठी पिशवी भरून पाला आणला तर शिजून वाटीभर होतो. मी पिशवीचे किती पैसे घेते ते इथे लिहीत नाही, पण वयनीला त्या भाजीत काही सुटत नाही हे मला ठाऊक आहे. पाहुण्यांच्या पानात ती मागितल्याशिवाय पडली, कारण तिला वाटतं, जुलैत आलेल्या माणसानं ती खाल्ल्याशिवाय जाऊ नये.

हल्ली शहरांत याच पाल्याचं कौतुक चालतं. कृषी खातं ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतं, तिथे टाकळ्याच्या पाककृती स्टॉलवर मांडलेल्या असतात, लोक फोटो काढतात. मोठ्या हॉटेलांत ‘मान्सून मेन्यू’ निघतो आणि त्यात भारंगीची भाजी चिनी मातीच्या लहानशा भांड्यात येते. ते सगळं चालतं. खाडीकाठी, पत्र्याखाली, स्टीलच्या ताटात आली की मात्र फसवणूक होते.

उगाच आरती ओवाळत नाही. ‘सगळं स्थानिक’ अशी पाटी वयनीनं लावली, तर पहिली हरकत मीच घेईन. आमच्या मसाल्यातली बेडगी मिरची कर्नाटकातून येते, संकेश्वरीही घाटावरची. कांदाबटाटा वरूनच उतरतो, गहू-साखरेचं तर बोलायलाच नको. मालवणी मसाल्याला मालवणी म्हणायचं ते भाजण्याच्या आणि मिसळण्याच्या हातामुळे. त्यामुळे पाच-दहा कोसांच्या आतलंच खा, असला सोवळेपणा माझ्याजवळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाशिवंत जिन्नस, म्हणजे मासा, पालेभाजी, फळ, त्याच्या वेळेला आणि जवळचं घ्यावं आणि जे लांबचं आहे ते लांबचं म्हणून सांगावं.

‘नाही’ म्हणणं परवडत नाही, हे मी त्या खानावळीत बसून पाहते. जून-जुलैत गाड्या येतात, काच खाली होते, ‘फिश आहे का?’ विचारतात. वयनी सांगते, “ताजो मासो गावाचो नाय. सुको आसा. जां आसा तां वाढतंय, बसा जेवूक.” (ताजा मासा मिळणार नाही, सुका आहे; जे आहे ते वाढते, बसा जेवायला.) चारातल्या तीन गाड्या तशाच पुढे जातात. जे थांबतात त्यांतले काही जेवून खूश होऊन जातात, काही फोनवर एक तारा ठोकून जातात. तिचा मुलगा गेल्या वर्षी म्हणाला, आपणही दोन महिने बर्फाचा मासा ठेवू, बाकीचे ठेवतातच ना. तिनं त्याला एवढंच विचारलं, “आणि ऑगस्टात काय सांगशीत, आता ताजो सुरू झालो म्हणान?” मुलगा गप्प बसला, पण त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मीही म्हणणार नाही. दोन महिन्यांचा तोटा असतो. तो ती मेमधल्या गर्दीवर भरून काढते, आणि एखाद्या वर्षी निघतही नाही.

आणखी एक गोष्ट, जी पर्यटकांनी आणि आमच्या हॉटेलवाल्यांनीही ऐकावी. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याखालचा मासा पकडायचा नाही. कशासाठी? पिल्लं पकडून पकडून पापलेट हाती लागेनासा झालाय म्हणून. आणि पिल्लांना गिऱ्हाईक कोण? थाळीत अख्खा मावणारा, तळून शेपटासकट दिसणारा, फोटोत छान येणारा मासा मागणारे आम्हीच सगळे. पुरा वाढलेला सरंगा, म्हणजे मोठा पापलेट, थाळीत मावत नाही, त्याच्या तुकड्या कराव्या लागतात. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरून उचलणारे, आणि एलईडीवाले, म्हणजे दिव्यांनी मासे ओढून पकडणारे, यांच्या नावानं आम्ही मोर्चे काढतो, तेही बरोबर. एलईडी दिव्यांची मासेमारी २०१७ पासून बंद आहे आणि तरी रात्री समुद्रावर दिवे दिसतात. पण मोर्चाहून परतताना आम्हीच ‘छोटे पापलेट फ्राय’ मागवतो. माझ्या भाच्यानं असंच केलं आणि मी त्याला चारचौघांत बोलले.

पत्रलेखकांच्या तक्रारीतल्या दोन गोष्टी मला पटल्या. आदल्या दिवशी फोन करून त्यांनी जागा राखली होती, तेव्हा फोन घेणाऱ्यानं ‘या’ म्हणण्याआधी ‘मासा नाही’ हे सांगायला हवं होतं. आणि जेवण यायला पाऊण तास लागला, लहान मूल रडत होतं. तिथे घाई कुणालाच नसते हे खरं आहे आणि ते बरं नव्हे. वयनीला मी दोन्ही सांगितलं. पहिलं तिनं मान्य केलं. दुसऱ्यावर म्हणाली, पिठी आधी करून ठेवली तर ती खाणार कोण?

आता पर्यटन खात्यानं लक्ष घालावं या मागणीबद्दल. मलाही ते हवंय, फक्त दुसऱ्या अंगानं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून आमच्या रस्त्यांवर जे फलक लागले त्या सगळ्यांवर किल्ला, होडी आणि ताटात लालभडक मासा. बाराही महिने तेच चित्र. आजवर एकाही फलकावर मी वाचलं नाही की जून-जुलैत इथे मासेमारी बंद असते, या दिवसांत या, धबधबे बघा, अळू, टाकळा, आठळ्या, सुकी मासळी खा. बंदी सरकारनंच घातलेली, ती पाळणाऱ्याला ‘फसवणूक’ ऐकून घ्यावी लागते आणि सरकारी फलक वर्षभर ओल्या माशाचं आमिष दाखवत उभा. खात्यानं महिन्यावार एक साधं कोष्टक करून स्टेशनांवर, चिपीच्या विमानतळावर आणि एसटी स्टँडवर लावलं तर पैसे फारसे लागायचे नाहीत. मजकूर हवा तर मी फुकट लिहून देते. फेब्रुवारीत कुवल्या फणसाची भाजी आणि ओले काजू, मेमध्ये रायवळ आंब्याचं सासव, सप्टेंबरापासून बांगडा, असं. इथल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल.

हॉटेलवाल्यांना एकच विनंती आहे. बर्फाचा मासा जरूर विका, पोट सगळ्यांनाच आहे. पण फळ्यावर त्यापुढे ‘बर्फातला’ असं लिहा. ज्याला चालेल तो खाईल. न लिहिता विकलेल्या प्रत्येक थाळीमागे, खरं सांगणाऱ्या खानावळीला एक तारा कमी मिळतो.

आणि एक मागणी आपल्याकडे, संपादक महोदय. देवगडची पहिली पेटी वाशीला पोहोचली की आपण फोटोसकट बातमी छापता, पेटीला हार घातलेला असतो. सोन्याचा भाव रोज असतो, भरती-ओहोटीच्या वेळाही मी आपल्याच अंकात बघते. त्याच कोपऱ्यात दोन ओळी वाढवाव्यात: काल बंदरावर कोणती मासळी उतरली आणि बाजारात कोणती भाजी आली. लिलाव सकाळीच उरकतात, आपल्या तालुका वार्ताहराला एक फोन पुरेल. ज्या दिवशी काही उतरलं नसेल त्या दिवशी ‘काही नाही’ असं छापावं. सुरमईच्या शोधात निघालेला माणूस कणकवलीतच ते वाचेल आणि काय खायचं ते ठरवून येईल.

पत्रलेखकांना माझा राग नाही. चारशे-पाचशे किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो, ते मी समजू शकते. त्यांनी सप्टेंबरअखेर पुन्हा यावं. तेव्हा बांगडा चरबीला आलेला असतो, घोस उतरवलेले असतात आणि हिरव्या तिरफळाचं तिखलं वर्षातून त्याच दिवसांत मिळतं. सकाळी दहानंतर फोन करावा, म्हणजे फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता येईल. सोमवारी मात्र येऊ नये. सोमवारी वयनी मासा शिवत नाही, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे असतात, मग बंदर कितीही भरलेलं असो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर आपल्याकडे आणखी एक पत्र यायचं.

आपली,
एक निवृत्त शाखा डाकपाल,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे, छापू नये.)